दहा रुपये जास्त

कस्तुराबाईनं एकदा मनावर घेतलं की वाशीच्या बाजारातले मुरलेले दलालसुद्धा मुकाट्यानं तिचा भाव मान्य करायचे. नवऱ्यामागं वीस वर्षं तिनं खव्याची भट्टी एकटीनं चालवली होती. त्यामुळं अठ्ठावन्नाव्या वर्षी महानुभाव पंथाचं अनुसरण घ्यायचं, म्हणजे घरदार सोडून कायमचं आश्रमात जायचं तिनं ठरवलं, तेव्हा लेकीनं, अर्पितानंही फार ताणून धरलं नाही. महंतांची अट एकच होती, कुणाचं देणं मागं ठेवून येऊ नका.

अट ऐकून कस्तुराबाई हसलीच. तिनं भट्टी विकली, बँकेचं मिटवलं, सरपणवाल्याचं मिटवलं. राहिली फक्त शेजारची शिवगंगा. लॉकडाऊनमध्ये खव्याला कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा या बाईनं आपल्या चार म्हशींचं दूध महिनोन्‌महिने उधारीवर घातलं होतं. त्यातले बेचाळीस हजार तीनशे साठ अजून द्यायचे होते. शिवगंगा काय, घरचीच, तिथं काय अडतंय, असं म्हणून कस्तुराबाईनं तिला शेवटी ठेवलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. कारण महंतांची अट तिनं मोठ्या कौतुकानं शिवगंगेलाच सांगून ठेवली होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या त्या अशा.

शिवगंगा पैसे घेईचना. आधी म्हणाली, दिवाळीनंतर बघू. कस्तुराबाईनं फोनवरून पाठवले, तर पाच मिनिटांत परत आले. मग तिनं डब्यात नोटा घातल्या, वर पाव किलो खवा ठेवला आणि डबा शिवगंगेच्या चुलीपाशी ठेवून आली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत नोटा तशाच, आणि वर ज्वारीचं पीठ. शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नाही, ही रीत शिवगंगा या भांडणातही विसरली नव्हती. कस्तुराबाईला राग आला आणि हसूही आलं.

जायला दोन दिवस उरले, तेव्हा ती नोटा घेऊन ऐन धारेच्या वेळी गोठ्यात जाऊन बसली. पान्हा सुटलेल्या म्हशीखालून शिवगंगा उठून जायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शिवगंगे, का अडवतीस मला?"

धार थांबली नाही. "तुमचा नेमच हाय न्हवं, अक्का? गेलं की आपल्या गावाकडं फिरकायचं न्हाय. देणं हाय तवर तरी तुमी हितं हाव."

कस्तुराबाई धर्माचं बरंच काही बोलायचं ठरवून आली होती. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

"मी जाणार," कस्तुराबाई म्हणाली. "त्यात बदल न्हाय. पर तुझं देणं डोक्यावर घेऊन गेले, तर नाव देवाचं घेईन अन् मन ह्या गोठ्यात फिरल. मग मी ना हितली, ना तितली. तूच मोकळं कर मला."

शिवगंगेनं बादली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि पैसे घेतले. अंगठ्याला थुंकी लावून तिनं नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"दहा जास्त आल्यात," ती मान वर न करता म्हणाली. "सुट्टे न्हाईत आता माज्याकडं. तुमच्यावर देणं नगं, एवडंच म्हणालेत न्हवं म्हंत? माज्यावर राहिलं तर चालतंय."

कस्तुराबाईनं ते पैसे घरून निघताना तीनदा मोजले होते. बरोब्बर होते. वीस वर्षांत तिनं कुणाचा दोन रुपयांचा चुकीचा हिशोब ऐकून घेतला नव्हता.

"राहू दे तुज्याकडं," ती म्हणाली. "मला घाई न्हाय."