अप्पांच्या मेडिकलमधली तारीख

बोलतेय मी. आवाज बारीक आहे, तेव्हा जरा जवळ या. रुपयाएवढी गोल, चपटी बॅटरी मी. पिंगळीच्या स्टेशन रस्त्यावरच्या मन्मथअप्पांच्या मेडिकलमध्ये, कम्प्युटरच्या मदरबोर्डवर माझा सगळा जन्म गेला.

दुकान बंद करताना अप्पा फ्रीज सोडून सगळी बटणं बंद करतात. कम्प्युटर गप पडला की तारीख नि वेळ जपायची, हे माझं काम. नऊ वर्षं ते मी इमानानं केलं. माझं नावसुद्धा तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पा रोज सकाळी स्क्रीनवर विभूतीची तीन बोटं ओढायचे, उदबत्ती ओवाळायचे. त्यातला वास तेवढा माझ्या वाट्याला यायचा आणि मला तो पुरायचा.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलांनी आलं. घड्याळ आधी पाच मिनिटं मागे पडलं, मग अर्धा तास. एका सकाळी तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. तारीख हरवली आहे, बॅटरी तपासा, पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

अप्पांनी पुण्याला लेकाला, महांतेशला, फोन लावला. तो म्हणाला, "अप्पा, एफ-वन दाबा, चालू होतंय. दिवाळीला आलो की बघतो." दिवाळी आली नि गेली. महांतेश फराळाचा डबा घेऊन परत गेला, माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं.

बिलावर रोज एकच तारीख यायला लागली, एक जानेवारी दोन हजार बारा. गिऱ्हाइकं हसायची. मग अप्पांनी काय करावं? तारखेचा रबरी शिक्का आणला! छापलेल्या तारखेवर तो दाबून मारायचा की झालं. सगळ्यांचं समाधान झालं. मला मात्र तिथूनच धडकी भरली.

कारण असं, की पूर्वी मुदत संपलेलं औषध निघालं की स्क्रीनवरची ओळ लाल व्हायची, मशीन ओरडायची. आता तिच्या लेखी दोन हजार बारा साल चालू होतं. तिथून पाहिलं तर कुठल्याच औषधाची मुदत संपलेली नव्हती.

"आता कशी टोंटों करीत न्हाई," अप्पा बायकोला म्हणाले. "सुधारली बघ मशीन."

नीलम्मा म्हणाल्या, "तारीख एकदा डोळ्यानं बघत जावा की."

"मला मोतीबिंदू हाय, मशीनला न्हाई," असं म्हणून अप्पा हसले. त्यांचा मला राग आला, आणि माझा स्वतःचाही.

परवा सोमवारी शेतातल्या आखाड्यावर राहणारी सविता आली. तिच्या लेकीला, अपेक्षाला, लहानपणापासून साखरेचा आजार. इन्सुलिनवर पोर जगते.

"अप्पा, सुईची बाटली संपत आली. द्या की."

"शाळेत जायलीय का पोरगी?"

"जायलीय तर! औंदा सहावीला हाय. सुई येळेवर असली की लय पळते."

जुना माल आधी काढायचा, ही शिस्त मशीनला अप्पांनीच लावून घेतलेली. पण दीड वर्षात आलेला नवा माल तिच्याकडे दोन हजार बाराचा म्हणून चढला होता, तोच जुना समजून आधी खपला; आता मशीननं फ्रीजमधल्या सगळ्यात मागच्या खोक्याचा नंबर दाखवला. अप्पांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, बारीक अक्षरं लागली नाहीत, त्यांनी ती देऊन टाकली. बिलावर शिक्का मारला. सवितानं बाटली ओल्या रुमालात गुंडाळली. घरी ती माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवते.

आज बुधवारी परभणीहून बजरंग प्रिंटर दुरुस्त करायला आला. काळी स्क्रीन बघून थबकला.

"अप्पा, हे रोज येतंय?"

"रोज. एफ-वन दाबायचं, बस."

"किती दिसापासून?"

"दीड वर्ष झालं असंल."

बजरंगनं मला उपसून काउंटरवर ठेवलं, माझ्या जागी नवी बसवली, तारीख लावली. मशीन चालू झाली आणि ओरडतच सुटली. एकाखाली एक लाल ओळी.

"अप्पा, ह्या इन्सुलिनची मुदत संपून वर्ष उलटलं. चार बाटल्या दावतंय."

नीलम्मांनी फ्रीज उघडला. त्या खोक्यात पाच असायच्या. एक सोमवारी गेली, म्हणजे बरोबर चारच उरल्या होत्या. अप्पा स्टुलावर बसले. त्यांनी सविताला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं बोलतो. मी सगळं ऐकलं.

"अप्पा, तुमालाच लावणार होते," सविता रडकुंडीला आली होती. "पोरगी कालपासून पाणी पाणी करायलीय. सकाळपासून उलट्या. श्वास लय जोरात घ्यायलीय. सुई तर टायमाला दिली मी. अजून एक देऊ का?"

"न्हाई! ती बाटली फेक. मी गाडी घेऊन आलोच, परभणीला दवाखान्यात न्यायचं."

अप्पा तसेच अनवाणी पळाले.

त्याला तीन तास झाले. नीलम्मा दारात उभ्या आहेत, फोन कुणी उचलत नाही. मी काउंटरवर पडून आहे, संध्याकाळच्या केरात जाईन. त्याचं मला काही नाही. पण बाबांनो, परभणीकडून कुणी येत असाल, तर जाता जाता या दुकानात डोकवा. ती पोरगी सावरली का, एवढं मला सांगा.