विरोधी बाकावरचा जोडीदार

विधानसभेच्या लांब दालनात त्यांचं तैलचित्र लावायचं ठरलं, तेव्हा दोन शब्द बोलायला मलाही बोलावणं आलं. तब्येतीचं कारण सांगून मी गेलो नाही. तब्येत ठणठणीत होती. पण तिथे होणारी भाषणं मला न ऐकताच पाठ होती: गाढे कायदेपंडित, निष्कलंक लोकप्रतिनिधी, शूर सेनाधिकारी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींतून माणूस कळत नाही. मी त्यांचा मित्र नव्हतो. अकरा वर्षं कोर्टात आणि पुढची सहा वर्षं सभागृहात मी त्यांच्या समोरच्या बाजूला होतो. एखाद्याकडे इतकी वर्षं समोरून बघितलं की इच्छा नसली तरी तो माणूस थोडाफार कळतोच.

बार रूममध्ये सगळे त्यांना 'खाडाखोड' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. कोणाचाही कागद समोर आला की त्यांचे हात शिवशिवायचे. बार रूमच्या भिंतीवर 'कृपया शांतता राखावी अशी नम्र विनंती आहे' अशी पाटी होती. एके दिवशी त्यांनी खुर्चीवर चढून 'अशी नम्र विनंती आहे' एवढं खोडून टाकलं. "कृपया म्हटलंय ना एकदा? मग पुन्हा गयावया कशाला?" स्वतःच्या लग्नपत्रिकेचं कच्चं मुद्रित त्यांनी म्हणे पाच वेळा परत पाठवलं. लग्न वेळेवर झालं, पत्रिका चार दिवसांनी आल्या.

कोर्टात ते कधी आवाज चढवत नसत. आमच्यातले बरेच जण टेबल बडवून दावे चालवायचे, मीही त्यातलाच. ते साक्षीदाराला खुर्ची द्यायला लावत, पाणी हवंय का विचारत, आणि दोन-तीन साधे प्रश्न विचारून खाली बसत. आपण काय कबूल करून बसलो हे साक्षीदाराला घरी गेल्यावर कळायचं.

माझी थोरली बहीण सूतगिरणीत होती. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि वकिलीचं शिक्षणही तिच्याच पगारावर झालं. गिरणीत छताजवळच्या दांड्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचा पट्टा फिरत असे, दिवसभर, उघडाच. एके दिवशी त्या पट्ट्याने ताईच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. पट्ट्याला तारेची जाळी असती तर हे झालं नसतं. मी मालकांवर दावा लावला. मालकांच्या बाजूने खाडाखोड उभे राहिले. मी दोन तास बोललो, घसा बसेपर्यंत. ते चार मिनिटं बोलले. "पट्ट्याला जाळी बसवली पाहिजे असं कोणत्या कायद्यात लिहिलं आहे, एवढंच माझ्या विद्वान मित्रांनी दाखवावं." मला दाखवता आलं नाही, कारण तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. ताई शेजारीच उभी होती, हाताला बँडेज गुंडाळलेलं.

"जे कायद्यात नाही ते कोर्टात मागून मिळत नाही," ते म्हणाले. "कायदा जिथे होतो तिथे जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला उपदेश करणं यासारखा आगाऊपणा नाही. पण घरी परतताना मी ताईला म्हटलं, "मी तो कायदा करून आणीन. शब्द देतो तुला." ती "बरं" म्हणाली आणि उजव्या हाताने कुलूप उघडायला लागली.

पुढच्याच निवडणुकीत आम्ही दोघंही निवडून आलो. ते सत्ताधारी बाकांवर, मी विरोधी. त्यांना तिकीट कसं मिळालं हे सांगायला नको. गिरणीमालकांच्या पक्षाला एक स्वच्छ चेहरा हवा होता. पण स्वच्छ चेहरा आणला की तो बोलायलाही लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीचं विधेयक आलं. अठरापासून पंचेचाळीसपर्यंत सगळे पुरुष. चौदाव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलं होतं की या सभागृहाचे सदस्य यातून वगळले जातील. विधेयकाच्या बाजूने सगळे पोटतिडकीने बोलले. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या सभागृहाचा हात कोणी धरला नसता. मग खाडाखोड उठले आणि त्यांनी दुरुस्ती मांडली: चौदावं कलम काढून टाकावं. सभागृहात हसू फुटलं. दुरुस्तीला दोन मतं पडली, त्यांचं आणि माझं. मी मत दिलं ते त्यांच्या पक्षाची फजिती बघायला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात ते भरती कार्यालयात जाऊन नाव घालून आले. वय त्रेचाळीस, जाड भिंगाचा चष्मा. मी गेलो नाही. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होतो आणि मला चष्माही नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालयात गाठलं. गणवेश नवा होता आणि खांद्यावर ढगळ बसत होता.

"तुमच्याशी जोडी लावायची आहे," ते म्हणाले.

जोडी ही सभागृहातली जुनी रीत. एका बाजूचा सदस्य आजारी असला किंवा बाहेरगावी असला, की दुसऱ्या बाजूचा एक सदस्य स्वतःहून मत द्यायचं थांबतो. कोणाचंच पारडं जड होत नाही. याला कागद नाही, सही नाही, नियमांच्या पुस्तकात एक ओळ नाही. फक्त शब्द. सहसा दोन-चार दिवसांसाठी लावतात.

"किती दिवस?" मी विचारलं.

"मी परत येईपर्यंत. नाहीतर मी मेल्याची पक्की बातमी येईपर्यंत."

"तुमच्या-माझ्यात कधी पटलंय? मलाच का?"

"पटतं त्यांच्याशी जोडी लावून काय उपयोग? ते माझ्या भल्यासाठी शब्द मोडतील."

मी होकार दिला. का दिला, याचा नंतर पुष्कळ विचार केला. ते जात होते आणि मी जात नव्हतो, एवढंच खरं कारण.

पुढची तीन वर्षं मी सभागृहात भाषणं केली, प्रश्न विचारले, वाद घातले आणि मताची वेळ आली की जागेवर बसून राहिलो. माझ्या पक्षाने आधी चेष्टा केली, मग दातओठ खाल्ले. त्यांच्याबद्दल कानावर पडायचं ते तुकड्या-तुकड्याने. कॅप्टन झाले. मेजर झाले. वरून आलेला एक हुकूम त्यांनी भाषा सुधारून पुढे पाठवला, म्हणून बोलणी खाल्ली. पण सुधारल्यामुळेच तो हुकूम सैनिकांना कळला आणि एक पूल वेळेत रिकामा झाला. माघारीच्या वेळी ते शेवटच्या ट्रकमध्ये बसतात, असं सुट्टीवर आलेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. हे मला त्यांच्या बायकोकडून कळायचं. मी अधूनमधून त्यांच्या घरी जाऊन वहिनींना काय हवं-नको ते विचारून यायचो. मलाही दोन वर्षांत एक कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "जोडी शाबूत आहे ना?" मी "आहे" एवढंच कळवलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या विधेयकाचा नंबर लागला. सरकारबाहेरच्या सदस्यांची विधेयकं चिठ्ठी टाकून निवडतात. वर्षात एक दिवस मिळतो, तो चुकला की पुन्हा चिठ्ठी. विधेयक तीन कलमांचं होतं. फिरत्या प्रत्येक पट्ट्याला जाळी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. न बसवणारा मालक जबाबदार. तोवर ताईची मुलगीही त्याच गिरणीत लागली होती, एकोणीस वर्षांची, आणि तिचं यंत्र ताईच्या जुन्या यंत्राच्या रांगेतच होतं. मी सत्ताधारी बाकांवरचे दोन जण फोडले. डोकी मोजून झाली. माझं मत धरलं तर विधेयक एका मताने पास होत होतं. न धरता बरोबरी होत होती, आणि बरोबरी झाली की आमच्याकडे विधेयक पडतं.

मी खाडाखोडांना पत्र घातलं. एवढ्या एका दिवसापुरतं मला मोकळं करा. सात आठवडे उत्तर आलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी वहिनींकडे तार आली. मी सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत पोचेतो ती सगळ्यांना कळली होती. मेजर बेपत्ता. शोध चालू. आमचे प्रतोद, म्हणजे पक्षाच्या मतांवर पहारा ठेवणारे गृहस्थ, दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते घाईघाईने घातलेलं दिसत होतं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण आता तू मोकळा झालास."

"बेपत्ता म्हणजे मेला नव्हे."

"अरे, तिकडे बेपत्ता झालेला कोणी परत आलाय का आजवर? शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुला!"

"मला पक्की बातमी हवी."

"तुझ्या बहिणीचा कायदा आहे हा. तुझ्या बहिणीचा!"

ते मला सांगायची गरज नव्हती. ताई गॅलरीत पहिल्या रांगेत बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, भाचीलाही घेऊन आली होती. आणि त्यांच्यापासून सहा खुर्च्या सोडून वहिनी बसल्या होत्या. तार हातात तशीच होती. त्या यापूर्वी कधीच सभागृहात आल्या नव्हत्या. त्या कशाला आल्या आहेत हे मला एका क्षणात कळलं. मी उठलो तर माझ्या लेखी त्यांचा नवरा मेला, आणि तेही चारचौघांत. मी बसलो तर तो अजून आहे.

आमच्याकडे मत पायांनी देतात. बाजूचे उजव्या दाराने बाहेर जातात, विरोधातले डाव्या. घंटा वाजली आणि सगळे उठले. मी माझंच विधेयक मांडून, अर्धा तास बोलून, घाम पुसत खाली बसलो होतो. मी उठणार असं मला स्वतःला वाटत होतं. मी बाकावर हातही टेकवले. प्रतोद दारातून माझ्याकडे बघत होते. वर बघायचं नाही असं ठरवूनही मी वर बघितलं. भाची कठड्यावरून वाकली होती आणि मला खुणेने "ऊठ ना, मामा" म्हणत होती. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या.

सभागृह रिकामं झालं. मी, अध्यक्ष आणि लेखनिक.

अठ्ठावन्न विरुद्ध अठ्ठावन्न. विधेयक पडलं.

बाहेर वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही उठला नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मला पळून जावंसं वाटलं. ताई आणि भाची तोवर निघून गेल्या होत्या. दुपारची पाळी होती.

नवव्या दिवशी पक्की बातमी आली. शेवटच्या ट्रकवर बॉम्ब पडला होता. मतदानाच्या दोन दिवस आधी. त्यांचं सामान पुढे दोन महिन्यांनी घरी आलं. त्यात माझं पत्र होतं, न फोडलेलं. त्यांनी मला मोकळं केलं असतं की नाही, हे कळायचा मार्गच राहिला नाही. मी त्यांच्यासाठी रडलो, हेही सांगून टाकतो. ज्या माणसाशी सतरा वर्षं पटलं नाही त्याच्यासाठी रडणं विचित्र वाटतं, पण रडलो.

चौथ्या महिन्यात मला सूतगिरणीच्या फाटकावरून निरोप आला. भाचीचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात ताई बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर भाचीचा जेवणाचा डबा बांधलेलं फडकं होतं, गाठ न सोडलेलं. मी शेजारी बसलो. मीच बोलायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठी टाकणार, या वेळी मतं कमी पडणार नाहीत, मालकांवर असा दावा लावतो की... वकिलाला गप्प बसवत नाही, तेच माझं झालं होतं.

"त्या बाईंना मी बघितलं होतं तेव्हा," ताई मध्येच म्हणाली. "डोळे मिटून बसल्या होत्या. मला कळलं होतं तू का उठत नाहीस ते."

"ताई..."

"नऊ दिवस मिळाले त्यांना. मिळू देत. माझा त्यांच्यावर राग नाही, आणि त्या मेजरांवर तर नाहीच नाही. तू शब्दाचा पक्का आहेस, सगळं गाव म्हणतं, मीही म्हणते." तिने फडक्याची गाठ घट्ट केली. "पण मला तू शब्द आधी दिला होतास."

आयुष्यभर मी शब्दांवरच पोट भरलं.

आतून नर्स आली. मुलगी शुद्धीवर आली आहे, घरच्यांनी भेटावं, म्हणाली. ताई उठली, तसा मीही उठलो.

"एकालाच सोडतात," ताई म्हणाली आणि आत गेली.