न धुतलेले बीजाणू

मॉसच्या बोंडातले धुतलेले बीजाणू लावून मायक्रोस्कोपच्या चकतीवर थोडी जागा उरली होती, म्हणून तिनं त्याच बोंडातले काही बीजाणू न धुता तसेच चिकटवले. नसती उठाठेव, दुसरं काय! इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारा पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे वेगळं मॉस आहे का? याच्यावर तर पुटकुळ्या दिसतायत."

ती पडद्याजवळ सरकली.

बाबांनी गोळा केलेलं हे मॉस नव्या जातीचं आहे, असं ती दोन वर्षं सांगत आली होती. पुरावा एकच. ओळखीच्या जातीच्या बीजाणूंवर पुटकुळ्या असतात, हे मात्र गुळगुळीत. बाबा गेले तेव्हा तिनं ठरवून टाकलं होतं, जातीला त्यांचंच नाव द्यायचं. त्यावरचा तिचा लेख पाच वाजता छापायला जाणार होता. आणि आत्ता चार वाजले होते.

"परत दाखवा बरं," ती म्हणाली. न धुतलेला एकूण एक बीजाणू खरखरीत. म्हणजे गुळगुळीत असं काही नव्हतंच. धुताना तिनंच आम्ल जास्त वेळ ठेवलं होतं आणि त्यांचा वरचा थर पुटकुळ्यांसकट सोलून काढला होता.

ती धावतच तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली. सरांनी मान वरही केली नाही. "पाकिटात दुसरं मॉस मिसळलं असेल. एवढ्यावरून काय ठरतं? कुणाला कळणार नाही. घरी जा."

मिसळलं कसं असेल? धुतलेले आणि न धुतलेले, दोन्ही एकाच बोंडातले होते, आणि ते बोंड तिनं स्वतः फोडलं होतं. तिला सरांचा राग आला, आणि त्यांचं ऐकावंसंही वाटलं. त्याची तिला जास्त लाज वाटली.

जिन्यात उभं राहून तिनं आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आईनं बिचारीनं साऱ्या नात्यागोत्यात बाबांच्या नावाचं सांगून ठेवलं होतं, मामाला तर दोनदा.

"सर म्हणतात, कुणाला कळणार नाही."

"हे तू मला सांगतेयस की विचारतेयस?"

"विचारतेय."

"मला नको विचारूस गं," आई म्हणाली. "मी हो म्हणेन." आणि तिनं फोन ठेवून दिला.

पाचला दहा मिनिटं असताना तिनं संपादकांना लिहिलं, लेख छापू नका, चूक माझी आहे. मग पाकिटावर जातीला दिलेलं बाबांचं नाव खोडलं.