घरच्या माणसाचा रकाना

बबडी बस चालवायची. साधीसुधी नाही, मधोमध सांधा असलेली लांबलचक बस, वळणावर जिची शेपूट मागून सावकाश येते ती. डेपोत सहा बायका ड्रायव्हर होत्या, पण ही बस हातात मिळालेली बबडी एकटीच. आईला त्याचा कोण अभिमान! आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चेन बदलायची, पँट आखूड करायची, कोटाला नवं अस्तर लावायचं. तोंडात चार टाचण्या धरूनसुद्धा लेकीचं कौतुक सांगायची तिची हातोटी अशी, की गिऱ्हाइकाला उंची किती हवी हे सांगायचंच राहून जाई.

बबडीचं पोट दुखतं हे आईला ठाऊक होतं. तेराव्या वर्षापासून ठाऊक होतं. घराला खिडक्या असाव्यात तसं ते घरात होतंच. आधी महिन्यातले चार दिवस, मग आठ, मग कधीही. आई काही दुष्ट नव्हती. गरम पाण्याची पिशवी भरून द्यायची, पाय दाबून द्यायची, शाळेत चिठ्ठी पाठवायची. पण पिशवी देताना म्हणायची, "बाईच्या जन्माला आलो की हे आलंच गं. मी नाही का काढलं? मशिनवर बसून काढलं. आपण जेवढं कुरवाळू तेवढं ते डोक्यावर बसतं." एकदा पाहुण्यांसमोर बबडी ओणवी होऊन कळवळली, तेव्हा आईने तिला आतल्या खोलीत नेऊन दटावलं होतं, "पुरे झालं नाटक." त्यानंतर बबडी चारचौघांत कधी कळवळली नाही.

डॉक्टर पुष्कळ झाले. एक म्हणाले, वजन कमी करा. एक म्हणाले, मनाला लावून घेता. एकांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि ड्रायव्हर आहे म्हटल्यावर परत घेतल्या. तपासण्या केल्या की सगळं ठीक निघायचं, आणि सगळं ठीक आहे म्हटलं की बबडीचा चेहरा पडायचा. आईला त्याचं नवल वाटे. ठीक असल्याचं कुणी इतकं वाईट वाटून घेतं का?

मग डेपोच्या आरोग्य तपासणीत तिला एक पत्रक मिळालं. मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं दुखणं काढणाऱ्या बायकांचा अभ्यास चालला होता. मनगटावर एक पट्टा आणि छातीवर बिल्ल्याएवढी चिकटपट्टी, आठ आठवडे. नाडी, घाम, त्वचेचं तापमान, झोप, हालचाल, सगळं त्यात टिपलं जाणार. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि भराभर बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "दुखणं थेट मोजणारं यंत्र अजून कुणाकडे नाही. दुखल्यावर शरीर काय करतं, ते आम्ही मोजतो. त्यावरून अंदाज बांधतो."

सोबत एक वहीही होती. एका रकान्यात बबडीने शून्य ते दहा असा आपला आकडा लिहायचा. शेजारचा रकाना घरच्या माणसाचा. तिला काही न विचारता, नुसतं बघून, आज किती दुखत असेल ते लिहायचं.

"डोळ्यांत तेल घालून लिहीन," आई म्हणाली.

आणि तिने खरंच लिहिलं. एक दिवस चुकवला नाही. संध्याकाळी ड्यूटी संपवून बबडी यायची, दारातल्या स्टुलावर बसून बूट काढायची. बूट काढायला तिला फार वेळ लागायचा.

"दमलीस?"

"हं. जरा."

आई लिहायची, दोन. एखाद्या दिवशी बबडी उभ्या उभ्या जेवायची. विचारलं तर म्हणायची, "दिवसभर बसूनच असते की." आई लिहायची, एक. एका गुरुवारी तर तिने आईला हसवून हसवून लोळवलं. एक प्रवासी कपाटाचा आरसा घेऊन बसमध्ये चढला, मधल्या सांध्यापाशी उभा राहिला, आणि प्रत्येक वळणावर मागच्या लोकांना स्वतःचीच तोंडं सरकत जाताना दिसायची. "एक आजोबा आरशातल्या आजोबांना म्हणाले, तुम्ही बसा हो!" बबडीने नक्कल करून दाखवली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी तिने ठसठशीत शून्य काढलं.

आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी दोघींना बोलावलं. पडद्यावर तीन रेघा होत्या. सगळ्यात वरची पट्ट्याची. डोंगराच्या सुळक्यांसारखी. तिच्या बरीच खाली बबडीची. आणि अगदी तळाशी, जमिनीला चिकटून सरपटत गेलेली तिसरी. ती कुणाची हे सांगायची गरज नव्हती.

"यंत्र चुकू शकतं," बाई म्हणाल्या. "पण इतके दिवस सलग असं चुकणार नाही. हा गुरुवार बघा. दुपारी पावणेचारपासून संध्याकाळपर्यंत शरीर अक्षरशः झुंजत होतं. तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"बस चालवत होते," बबडी म्हणाली. "नंतर घरी आले."

"वहीत तुम्ही चार लिहिलेत."

"चारच होतं. हातातलं काम चालू राहतंय तोवर चारच की."

"मग दहा म्हणजे काय तुमच्या हिशेबाने?"

बबडीने विचार केला. "दहा म्हणजे बस बाजूला घ्यावी लागेल."

"कधी घेतलीत?"

"नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इतकं कमी सांगायला कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी ते रागाने विचारलं नव्हतं, उलट मायेनेच विचारलं. बबडी पडद्याकडेच बघत राहिली. तिने एकदाही आईकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं.

त्या रेघांमुळे पुढच्या तपासण्या झाल्या, नीट, वेळ काढून झाल्या. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेर, भलत्याच जागी वाढत गेलं होतं. आतडं त्यात चिकटलं होतं. डावीकडच्या मूत्रपिंडातून उतरणारी नळी त्याने हळूहळू आवळत आणली होती, आणि ते मूत्रपिंड आवाज न करता निकामी झालं होतं. ते काढावं लागणार होतं.

"हे एका वर्षाचं काम नाही," बाई म्हणाल्या. "पूर्वी कुणी पोटात दुर्बीण घालून बघू या असं सुचवलं नव्हतं का?"

"नाही," बबडी म्हणाली.

आईने मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

सुचवलं होतं. बबडी एकोणीस वर्षांची असताना एका वयस्क डॉक्टरीण बाईंनी आईला एकटीला आत बोलावून सुचवलं होतं. पोटाला दोन बारीक छेद, एका दिवसात घरी. आईच्या डोळ्यांसमोर लेकीचं कोवळं पोट आलं, मग उद्या सोयरीक घेऊन येणारी माणसं आली. ती नको म्हणाली. बाईंनी तरीही मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून हातात दिली होती.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी, बबडी इस्पितळात न्यायची पिशवी भरत होती. आई दुकान बंद करून आली. पलंगाच्या कडेला बसली आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, मधे थांबले तर धीर सुटेल म्हणून.

बबडी टॉवेलची घडी घालता घालता थांबली.

"चिठ्ठी होती?"

"होती."

"तिचं काय केलंस?"

"फाडली."

"कुठे?"

"तिथेच. दवाखान्याच्या जिन्यात."

बबडीने टॉवेल पिशवीत ठेवला. मग काढला आणि पुन्हा घडी घातली. "मी जिन्याखाली उभी होते," ती म्हणाली. "तू हसत हसत उतरलीस. म्हणालीस, काही नाहीये गं तुला, ठणठणीत आहेस. आठवतंय?"

आईने मान हलवली.

"मला केवढा आनंद झाला होता, आई. घरी येईपर्यंत. मग संध्याकाळी परत दुखायला लागलं. तेव्हा मला वाटलं, डॉक्टर म्हणतात काही नाही, आई म्हणते काही नाही, म्हणजे मीच खोटी आहे. पंधरा वर्षं मी खोटी आहे असं समजून दुखणं काढलं."

"मला वाटलं, तुझं भलं..."

"माहितीये."

"रागव गं माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागवायलासुद्धा ताकद लागते," बबडी म्हणाली. "परवा ऑपरेशन आहे. माझी चप्पल कुठेय, बघतेस?"

आईने पलंगाखाली वाकून चप्पल काढली. तिथेच, जमिनीवर बसून ती रडली. पूर्वी आई रडली की बबडी पाठीवरून हात फिरवायची. आज ती शेजारच्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

इस्पितळातल्या कागदावर जवळचं माणूस म्हणून तिने लंबूचं नाव घातलं. लंबू ही तिची डेपोतली मैत्रीण, तीही ड्रायव्हर, पुरुषांपेक्षा वीतभर उंच. ऑपरेशन चाललं ते साडेपाच तास आई आणि लंबू बाकावर शेजारी शेजारी बसल्या. सर्जन बाहेर आले आणि कागद बघून लंबूशी बोलायला लागले. "आई इथे आहेत," लंबू पटकन म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली. पण सर्जनची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळत होती, आणि आई दोघांच्या मधे मान वर करून, कुणाचा शब्द सुटू नये म्हणून, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होती.

बबडी वाचली. एक मूत्रपिंड गेलं. दुखणं निम्म्यावर आलं; पूर्ण जाईल असं वचन कुणी दिलं नाही. लांब बस चालवणं सुटलं. ती आता नव्या ड्रायव्हरांना शिकवते, वर्गात उभी राहून, हातवारे करून. इस्पितळातून ती लंबूकडे गेली. "तुझ्याकडे तीन जिने आहेत," असं तिने आईला सांगितलं. पुढे टाके वाळले, ती जिनेही चढायला लागली, पण राहायला परत आली नाही.

दर रविवारी मात्र ती येते. आल्यावर पंखा पुसते, दुकानातल्या मशिनला तेल घालते, वर्गातल्या गमती सांगते. कोणी शिकाऊ उलट्या गियरमध्ये फाटकाला कसा भेटला, वगैरे. आई हसते. फक्त एक गोष्ट झाली. त्या दुपारनंतर बबडीने आईला कधी सांगितलं नाही की तिला कुठे दुखतंय. आई विचारते, दर रविवारी, घाबरत, ती निघताना विचारते. "अगं, मजेत आहे मी," बबडी म्हणते. तिच्या आवाजात राग नसतो.

मागच्या सोमवारी लंबूने दुकानात फोन केला. आईच्या समोर एक गिऱ्हाईक कोट घालून, हात पसरून उभं होतं.

"मावशी, काल तुमच्याकडून आली ती सरळ आडवीच झाली. आज कामावरही गेली नाही. तिथे फार दुखत होतं का तिला? तुम्हाला काही बोलली?"

आईने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. रविवारचा बबडीचा चेहरा तिने आठवून पाहिला, पुन्हा पाहिला. तो हसतच होता.

"हो, बोलली की," ती म्हणाली. "मला सगळं सांगते ती."