हात ढिला ठेव

पहिल्यांदा.

वडशाजवळच्या आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. नाटक रात्री, पण मंडप दुपारीच भरलेला. रंगमंचावर दमनबाबा, हातात मुठीत मावेल एवढं पिस्तूल. समोर वारलू, गळ्यात नवा ताईत.

"लोखंड बी मेरा भक्त है!" बाबा गरजला. "मले विचारल्याबिगर गोळी सुटत नाई!"

त्यानं वारलूच्या छातीवर नेम धरून चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. मग तेच पिस्तूल मडक्याकडे वळवलं. धाड! खापऱ्या पहिल्या रांगेत उडाल्या. लोक पाया पडू लागले.

वारलू तलावावर मासे धरायचा. त्याला सूरजागडच्या लोहखाणीकडे ट्रक चालवायला जायचं होतं. तिकडे नक्षल्यांच्या गोळ्या चालतात म्हणून बायको मनकर्णा सोडत नव्हती.

"पाह्यलं? आता काऊन भेतेस?" तो तिला म्हणाला.

मनकर्णा उभी राहिली. "बाबाजी, तो ताईत मडक्याले बांधा. मंग मारा."

मंडप खदखदा हसला. "मडक्याले ताईत! वैनी, त्याचं लगनबी लावून टाक!"

मी शाळेची मास्तरीण. मागच्या रांगेत होते. तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण बोलायला मी उठेपर्यंत वारलूनं धाकट्या भावाला हाक मारली होती. "डोमा, तू मार माह्यावर. तुह्या वैनीची खात्री होऊ दे."

शिट्ट्या वाजल्या. बाबाला माघार घेता येईना. पिस्तूल डोमाच्या हातात देताना तो तीनदा म्हणाला, "हात ढिला ठेव. देवाची चीज आहे. ढिला!"

दुसऱ्यांदा. तेच दृश्य. आता चेहरे पाहू नका, हात पाहा.

वारलूसमोर बाबाचा तळवा पोकळ. पिस्तुलाच्या मुठीमागे अंगठा शिरेल एवढी फट. मडक्यासमोर तोच तळवा घट्ट.

डोमाचा हात. लहानपणापासून ओलं जाळं ओढलेला. सांगितल्याप्रमाणे ढिला. चाप ओढला, काही नाही. टाळ्या. पिस्तूल कललं, निसटू लागलं. बोट चापावरच. आणि निसटणाऱ्या मासोळीवर मिटावा तसा तो हात मिटला. धाड!

वारलू हसतच होता.

तिसऱ्यांदा. ठाण्यात. बाबा कोठडीत, मी साक्षीला.

शस्त्रं सांभाळणाऱ्या सुरेंद्र हवालदारांनी गोळ्या काढलेलं पिस्तूल मला दाखवलं. "मॅडम, खिशात ठेवायची अशी पिस्तुलं शंभर वर्षांपूर्वीच निघाली. कपड्यात अडकू नये म्हणून मागचा घोडा आत लपवला. खिशात असताना चुकून उडू नये म्हणून मुठीच्या मागे ही पट्टी. तळव्यानं दाबली तरच चाप चालतो."

मी पट्टी दाबून चाप ओढला. खट्. सोडली. चाप मेला.

माणूस चुकून मरू नये म्हणून कुणीतरी ती स्प्रिंग बसवली होती.

गावात तोवर एकच चाललं होतं: मनकर्णानं शंका घेतली, म्हणून ताईत फिरला. पाणवठ्यावर बाया तिच्यापासून घागर लांब ठेवत. मी सगळ्यांना शाळेत बोलावलं, फळ्यावर पिस्तूल काढलं, पट्टी लाल खडूनं रंगवली. सगळं सांगितलं.

मग डोमा उठला.

"म्हंजे वैनीची चूक नाई."

"नाही."

त्यानं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "मी पिस्तूल धरलं नसतं, खाली पडू देलं असतं, तं भाऊ राह्यला असता?"

मी मास्तरीण. मला खरं बोलायचं होतं.

मनकर्णाच बोलली. "भाऊजी, हात तुमचा होता. फसवणूक त्याची." मग म्हणाली, "सकाळी जाळं ओढाले चला. माह्यानं एकटीनं ओढवत नाई."

तो गेला. दोर धरला. अजून ढिलाच धरतो. जाळं सारखं निसटतं. ती दोर पुन्हा त्याच्या हातात देते.

पुढच्या मंडईला दुसरा कुणी बाबा येईल. त्याच्या तोंडाकडे नका पाहू, हाताकडे पाहा. आणि कुणी बाई उठून म्हणाली, ताईत आधी मडक्याला बांधा, तर हसू नका.

मडक्याला बांधा.