शिनेमातली रंगूबाई

"आई, उठा. पाटी झाका आणि घरी चला, सिनेमा जातोय!"

सासूबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. हातात कोयता, पुढ्यात सुरमई आणि समोर रविवारची गर्दी. रविवारी सकाळी निम्मं नौपाडा आमच्या मार्केटात असतं, आणि त्यातली बरीचशी माणसं रंगूबाईंच्याच पाटीशी थांबतात. रंगूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही एकाच बाईला देवाने का दिलं कोण जाणे.

"कुटं जातोय शिनेमा?" त्यांनी सुरमईचा तुकडा पाडला. "उद्या बगायचा ठरलाय ना?"

"उद्या नाही दिसणार. दुपारी बाराला बंद होतोय. कायमचा."

कोयता हवेतच थांबला. सासूबाईंचा कोयता असा थांबलेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

हा सिनेमा काय प्रकार आहे ते सांगते. त्याचं नाव मात्र सांगणार नाही. तो चालला नव्हता, आणि करणाऱ्यांपैकी कोणी हयात असेल तर उगाच कशाला वाईट वाटायला हवं. महेंद्र, म्हणजे माझा नवरा, पोटात होता तेव्हा या सिनेमाचं शूटिंग आपल्या ठाण्याच्या खाडीवर झालं. त्या लोकांनी कोळीवाड्यातून सासूबाईंना निवडून नेलं, हिरॉईनसारखं लुगडं नेसवलं आणि पहाटेपासून चालायला लावलं. सिनेमा टॉकीजला लागला त्याच आठवड्यात महेंद्र जन्मला. सासूबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या तोवर सिनेमा उतरला होता. सासरे तेव्हा बोटीवर होते, बाकी कोणाला पडलेली नव्हती. म्हणजे घरातल्या कोणीच तो पाहिला नाही. तेव्हापासून महेंद्रने काही आगाऊपणा केला की सासूबाई म्हणतात, "तुज्यापायी माजा शिनेमा ऱ्हायला."

आणि अख्खं मार्केट त्यांना "शिनेमावाली" म्हणतं. हसत म्हणतं, ते मला लागतं. सगळ्यात जास्त हसतात त्या कांतामावशी. आमच्या घराला त्यांची भिंत लागून, मार्केटात पाटीला पाटी लागून. मागच्या महिन्यात उत्तराबाई नावाच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकावरून दोघींची जुंपली. उत्तराबाई नौपाड्यातल्या निवृत्त शिक्षिका, भांडण बघून बिचाऱ्या रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या. तेव्हा कांतामावशी भर मार्केटात ओरडल्या होत्या, "तू शिनेमात, नि आमी काय राणीच्या बागेत? दाव मना एकदा! दिसलीस ना, तर तुजी पाटी मी माज्या डोक्यावर घेऊन येईन मार्केटात!"

दुसऱ्याची पाटी डोक्यावर घेणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं, मी ठाकुर्लीची. मासा फक्त ताटात बघितलेला. इथे सून सासूची पाटी उचलते, बाकी कोणी कोणाची उचलत नाही. पाटी उचलली म्हणजे तुला मोठी मानली.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मी दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दुसऱ्याच दिवशी पेशंट नसताना मोबाईलवर शोधायला लागले आणि काही दिवसांनी चक्क सापडला. भाड्याने मिळत होता. टॉकीज नको, तिकिटाची रांग नको, घरच्या टीव्हीवर हवा तेव्हा बघा. मी खुर्चीतच ओरडले तेव्हा आतून डॉक्टर धावत आले होते.

बघायचा सोमवारी असं ठरलं. सोमवारी नौपाड्यात फारसं कोणी मासळी घेत नाही, त्यामुळे आमच्या घरातली सगळी कामं सोमवारची. बँक, दवाखाना, भांडणंसुद्धा. भाड्याच्या सिनेमाचा नियम साधा होता. घेतल्यावर महिनाभर तसाच पडून राहिला तरी चालेल, पण एकदा सुरू केला की दोन दिवसांत संपवायचा. हे मी महेंद्रला दोनदा वाचून दाखवलं.

पण महेंद्र आहे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. गाडी ताब्यात आली की आधी स्टार्टर मारून बघायचा, ही त्याची सवय. शुक्रवारी दुपारी त्याने पैसे भरले, आणि लगेच सिनेमा चालू करून पाहिला. चालतोय म्हटल्यावर बंद केला आणि कामाला गेला. मला बोललासुद्धा नाही.

रविवारी सकाळी सहज उघडून बघते तर समोर दिसलं, मुदत आज दुपारपर्यंत. मी म्हटलं, पुन्हा भाड्याने घेऊ, हाय काय नि नाय काय. तर भाड्याने घ्यायचं बटणच गायब! हा चित्रपट यापुढे उपलब्ध नाही, असं लिहिलेलं.

"अगं, मी नुसतं चेक केलेलं," महेंद्र म्हणाला.

"ती एसटी आहे का?" एवढंच म्हणून मी मार्केटात पळाले.

आता सासूबाई कोयता धरून बसल्या होत्या आणि समोर गिऱ्हाइकं. रविवारी धंदा सोडून उठणं म्हणजे दिवाळीत फराळाचं दुकान बंद करण्यासारखं. सासरे गेले तेव्हा बारावं रविवारी आलं होतं, त्या दिवशीसुद्धा त्या सकाळी दोन तास बसून गेल्या होत्या.

बाजूने कांतामावशी म्हणाल्या, "काय गो, आज बी नाय दिसनार ना शिनेमा? मना ठाव होतं. हजार कारनं निगतील."

सासूबाई उठल्या. ओलं फडकं पाटीवर टाकलं, भागीरथी नावाच्या पलीकडच्या बाईला "बग गो जरा" म्हणाल्या आणि कोयता धुऊन कमरेला पुसला.

"आणि माझे बोंबील?" पिशवी घेऊन उभ्या असलेल्या उत्तराबाईंनी विचारलं.

"शिनेमा झाल्यावर. तुमीपन चला."

"मी येऊ?" उत्तराबाईंनी पिशवीची घडी घातली. "येते. घरी तरी कोण वाट बघतंय."

कांतामावशीसुद्धा मागोमाग आल्या. बोलावलं कोणीच नव्हतं.

घरी पोचतो तर महेंद्र टीव्हीसमोर हात जोडल्यासारखा बसलेला. पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत होती. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणलाय, तिथे केबल तुटली होती आणि आमचं नेट गेलं होतं. मोबाईलच्या नेटवर लावलं तर माणसं एक पाऊल टाकून थिजायची. एवढी सोय, एवढी सोय म्हणून मी नाचले होते, आणि सगळी सोय एका वायरीवर लटकलेली.

दारात हाताची घडी घालून कांतामावशी उभ्या होत्या. "माज्याकडं चला," त्या म्हणाल्या. "माजं नेट दुसऱ्या कंपनीचं हाय. नि टीवी पन मोटा. तू हरलेली मना नीट दिसाया पायजे."

आम्ही सगळे त्यांच्या घरात शिरलो. महेंद्रने त्यांच्या टीव्हीवर आमचं खातं उघडलं. सिनेमा सुरू झाला.

"आई, पुढे ढकलू का? तुझाच सीन बघू आधी."

"नाय. पयल्यापासून. लगीन काय मुंडावळ्या सोडताना बगायचं?"

झालं. खोट्या मिशीचा सावकार, दोन गाणी, एक वादळ. सिनेमा का चालला नाही ते मला लवकरच कळलं. सासूबाई मात्र टक लावून बसल्या होत्या. मी एक डोळा पडद्यावर आणि एक घड्याळावर ठेवून होते. देवा, केबल तुटली तेवढं पुरे, आता लाईट नको घालवूस, असं मी मनात घोकत होते.

आणि मग आली आमची खाडी. पहाटेची. चिखलातून गेलेला बांध, त्यावरून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई चालली होती. पाठमोरी. कॅमेरा तिच्या मागून, ती पुढे पुढे. मग एकदम हिरॉईनचा चेहरा, पाटी खाली ठेवताना.

"ती मी!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "ती मीच!"

महेंद्रने सिनेमा थांबवला.

"आई, ती हिरॉईन आहे गं," महेंद्र हळूच म्हणाला. "आत्ता तोंड दिसलं ना तिचं."

"तोंड तिचं. चालली मी. तिला पाटी घेऊन दोन पावलं टाकता येत नव्हती. म्हनून तर मना नेलेली."

"मग पाठमोरी आहेस हे कधी बोलली नाहीस?"

"मना काय ठाव? कॅमेरा मागं होता. मना वाटलं, पुढं पन असंल एक."

त्या खाली बसल्या. इतकी वर्षं त्या ज्या चेहऱ्याची वाट बघत होत्या तो चेहरा त्या सिनेमात नव्हताच. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की कशाला शोधला मेला हा सिनेमा असं झालं. उत्तराबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मी कांतामावशींकडे बघायचं टाळत होते. आता त्या हसणार, आणि उद्यापासून मार्केट हसणार.

"मागं घे," कांतामावशी म्हणाल्या.

महेंद्रने मागे घेतलं. बाई पुन्हा बांधावरून चालली.

"परत."

पुन्हा चालली. कांतामावशी सरकत सरकत टीव्हीच्या पार जवळ जाऊन बसल्या. टॉकीजमध्ये हे जमलं असतं का? एकदा पाठ फिरवून गेलेली बाई तिथे परत आली नसती.

"परत घे, नि आवाज बंद कर."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी जमिनीवर थाप मारली.

"रंगू हाय! आरं, रंगूच हाय ही!"

"मावशी, तोंड तर..."

"तोंडाला काय करायचंय? मी लगीन होऊन आयले तवा मना चिखलात चालाया येत नव्हतं. सासू बोलली, रंगूच्या मागं चाल, ती पाय टाकंल तितंच टाक. आमच्यात आधी आली ती सून पुढं, मागून आली ती मागं. तवापासून मी हिच्या मागं हाय. हिचं तोंड मी कमी बगलंय, पाठ जास्ती." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही टाच बग, डाव्या पायाची, भायेर पडते. पाटीला हात लावत नाय, डाव्या हातानं पदराचं टोक धरते. आजून धरते! हिरॉईनच्या बापाला यायचं नाय असं चालाया!"

आम्ही सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा डावा हात पदराच्या टोकावर होता.

मग जो गलका झाला! महेंद्र आईच्या गळ्यात पडला, उत्तराबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "रंगूबाई, काय डौलात चालता हो तुम्ही!" आवाज ऐकून गल्लीतल्या बायका दारात जमल्या. येणाऱ्या प्रत्येकीसाठी कांतामावशी ओरडत होत्या, "मागं घे रं, हिला दाव!" आणि टाच दाखवत होत्या, जणू काही शूटिंग त्यांनीच केलं होतं. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत सासूबाईंना बसवलं होतं. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मीही रडले, लाज कशाला वाटायला हवी.

बाराला पडदा काळा झाला. मुदत संपली असं लिहून आलं. बांधावरची बाई गेली. कोणाला हळहळायलाही सवड नव्हती, उत्तराबाईंना बोंबील द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. महेंद्रने कुठे कुठे शोधलं, सिनेमा कुठेच नव्हता. तो आईजवळ जाऊन बसला. "माझ्यामुळे दोनदा राहिला गं तुझा सिनेमा. आता परत बघायला मिळणार नाही."

"कशाला पायजे?" सासूबाई लसूण सोलत म्हणाल्या. "उद्या कांता चालून दावनार हाय."

आणि मंगळवारी मी दवाखान्यात उशिरा येते म्हणून सांगितलं.

मासळीचा टेम्पो पुलाच्या अलीकडे थांबतो, तिथून मार्केटापर्यंत पाटी डोक्यावर. कांतामावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि महेंद्रकडून आमची पाटी उचलवून घेतली. त्यांची स्वतःची पाटी महेंद्रने दोन्ही हातांत धरली होती, डोक्यावर घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. सासूबाई बाजूला झाल्या.

"आज तू पुढं हो, कांते."

"नाय. पुढं तूच."

मग सासूबाई निघाल्या. पुढे त्या, हात रिकामे, डोकं रिकामं. मागे त्यांची पाटी घेऊन कांतामावशी. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. मार्केटात खबर आधीच पोचली होती, बायका पाट्या सोडून उभ्या राहिल्या होत्या. कोणी हसलं नाही.

मार्केटच्या दारावर एक लोखंडी पट्टी आहे, खालून जाताना पाटीवाल्या बाईला गुडघ्यात वाकावं लागतं. सासूबाई तिथे पोचल्या. मान ताठ, डावा हात पदराच्या टोकाला. डोक्यावर काही नव्हतं, तरी त्या नेहमीसारख्या गुडघ्यात वाकल्या आणि आत गेल्या. त्यांच्यामागे, त्याच जागी पाय टाकून, कांतामावशी वाकल्या.