भामटा थर

सूड उगवायचा म्हणजे लोकांना केवढा खटाटोप करावा लागतो. कोणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं, कोणी भावकीत काड्या घालतं, कोणी शेजाऱ्याचा उजेड अडेल अशा बेताने भिंत चढवतं. हिला यातलं काहीच करायचं नव्हतं. एका बैठकीत बसायचं, प्रश्न आला की "नाही" म्हणायचं आणि घरी यायचं. इतका बिनखर्चाचा सूड कोणाच्या नशिबी असतो?

जमिनीच्या पोटातली चित्रं वाचणं हा तिचा धंदा. अवजड गाड्या पोलादी पाट जमिनीला टेकवून ती थरथरवतात. ती थरथर खाली जाते, थराथरावर आपटून परत येते आणि दूरवर रांगेने टोचून ठेवलेले जिओफोन तिची चाहूल घेतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून खालचं चित्र उमटतं. तेल कुठे साचलं असेल ते त्या चित्रावरून ठरवायचं आणि मग विहीर खोदायची. विहिरीत पैसा ओतण्याआधी कंपन्या एक बाहेरचा परीक्षक बोलावतात. त्याने चित्र तपासायचं आणि शेवटच्या बैठकीत आक्षेप असला तर सांगायचा. या खेपेला तिला बोलावणं आलं होतं, आणि त्या कंपनीचा शोधप्रमुख होता घुम्या.

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते बाबांनी ठेवलेलं. बाबा आणि घुम्या एकेकाळी एकाच ऑफिसात होते. बाबा चित्रं वाचायचे, घुम्या विहिरींचं बघायचा. घरी कायम सांगितली जाणारी हकिगत अशी, की एका चित्रात खोलवर एक सुंदर घुमट दिसला, घुम्या त्यावर भाळला, बाबांनी बजावलं की हा घुमट खोटा आहे, घुम्याने ऐकलं नाही, विहीर कोरडी गेली, आणि चौकशीत घुम्याने सगळं खापर बाबांच्या माथी फोडलं. बाबांची नोकरी गेली. पुन्हा कोणी दारात उभं केलं नाही. तेव्हापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. आई होती तोवर म्हणायची, "या घरात जेवायला आपण तिघं, आणि वाढायचं चौघांना. चौथा तो घुम्या."

आई गमतीने म्हणायची, पण खोटं नव्हतं. हिला बाराखडीच्या आधी घुम्याचा राग करता यायला लागला. बाबांचाच विषय घेऊन शिकली, बाबांच्याच धंद्यात शिरली, आणि लग्नानंतर आडनाव बदललं त्याचा तिला एकच खरा आनंद झाला. आता घुम्याला पत्ता लागणार नव्हता.

घुम्याच्या ऑफिसात एका काचेच्या खोलीत तिला बसायला जागा दिली. पडदे ओढलेले, भिंतीभर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, ते मधूनच ढेकर द्यायचं. तिने चित्र उघडलं आणि पाहतच राहिली. खोलवर तसाच घुमट, बाबांच्या हकिगतीतला. गुळगुळीत, भरदार, पाहताक्षणी कोणीही भुलावं असा. आणि त्याच्या बरोब्बर वर, बऱ्याच उथळ जागी, जाड कठीण चुनखडीचा उंचवटा.

बाबांच्या भाषेत तो भामटा थर. ध्वनी कठीण दगडातून वेगाने धावतो, म्हणून लवकर परत येतो. गावातला रस्ता नवा झाला म्हणून माणूस घरी लवकर पोचला, तर त्याचं घर काही जवळ सरकत नाही. पण चित्राला ते कळत नाही. ते लवकर आलेला आवाज पाहून खालचा सपाट थर वर उचलून दाखवतं. वर भामटा बसला की खाली घुमट दिसणारच, आणि तो खोटा असणारच. बाबांनी हे तिला जेवणाच्या ताटात वाटी पालथी घालून शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. ते असे पटकन उठल्याचं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नक्की भामटाच?"

"नक्की. तुमच्या घुमटाच्या वर होता तसाच. जुळा भाऊ."

"आणि त्याला कळलेलं नाही?"

"कळलं असतं तर त्याने विहीर मांडली असती का?"

बाबांच्या खोलीत भिंतीवर जुना नकाशा होता. त्यावर त्यांच्या त्या विहिरीचं वर्तुळ, आणि वर्तुळावर फुली. कोरड्या विहिरीची खूण. बाबांनी पेन्सिल घेतली, नव्या जागेवर दुसरं वर्तुळ काढलं आणि ते रिकामं ठेवलं.

"फुली मी मारीन," ते म्हणाले. "तू फक्त गप्प राहा. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय तो. जाता जाता कळू दे, कोरडी विहीर गळ्यात बांधून घरी जाणं काय असतं."

खरं सांगायचं तर तिला रात्रभर टोचणी वगैरे काही लागली नाही. ती छान झोपली. सज्जन माणसांना असल्या वेळी झोप येत नाही असं म्हणतात, म्हणोत बापडे. ज्याच्या बापाने आपलं अर्धं आयुष्य खिडकीबाहेर पाहण्यात घालवलंय त्यालाच त्या झोपेची चव कळेल.

बैठकीआधी शेजारच्या पट्ट्यात चाललेली मोजणी पाहायला म्हणून घुम्या तिला माळावर घेऊन गेला. उंच, वाकलेला माणूस, कमी बोलणारा. हात मागे बांधून चालायचा. गाड्या ओळीने उभ्या होत्या, पाट खाली आले होते. नोंदणीच्या गाडीतून इशारा आला आणि माळावरची सगळी माणसं होती तिथेच थबकली. कोणी वायर खांद्यावर घेऊन, कोणी एक पाय पुढे टाकून. जमीन ऐकत असताना कोणी चालायचं नसतं. एका बुटाचा आवाजही चित्रात डाग होऊन बसतो. तळपायांतून गुरगुर वर आली, थांबली, आणि माणसं पुन्हा हलली.

"नवखी माणसं इथे हमखास काहीतरी बोलतात," घुम्या म्हणाला. "तुम्ही बोलला नाहीत."

"सवय आहे."

"चांगली सवय आहे. गप्प राहणारं माणूस मिळत नाही हो आजकाल."

तिला मनातल्या मनात हसू फुटलं. बोकड स्वतःहून सुरीला धार लावत होता.

बैठक झाली. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, टोकाला अध्यक्ष. घुम्याने घुमट दाखवला. किती मोठा, किती खोल, किती तेल मावेल, सगळं सांगितलं. वरच्या उंचवट्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "मधला हा कठीण थर कसला?" तर घुम्या म्हणाला, "त्यातून जावं लागेल, एवढंच." अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं.

"परीक्षकांचा काही आक्षेप?"

जीभ टाळूला चिकटेल अशी तिची अटकळ होती. पण शब्द लोण्यातून सुरी फिरावी तसा आला.

"नाही."

विहिरीचं काम सुरू झालं. इकडे घरात बाबा माणसात आले. दाढी रोज करायला लागले, खिडकी सोडून बाहेर चक्कर मारायला लागले, वाटेत भेटेल त्याला हवापाणी विचारायला लागले. रोज तिच्याकडे एकच चौकशी. "किती खाली गेला?" जणू विहिरीत घुम्यालाच सोडलं होतं.

मग एका सकाळी घुम्याचा फोन आला. विहिरीवर या, म्हणाला. आवाजावरून काही कळेना. खोल घुमट तर अजून बराच लांब होता. ड्रिल आत्ता कुठे चुनखडीत शिरलं असणार. मोडलं असेल, अडकलं असेल, अशा शुभेच्छा मनात घोळवत ती पोचली.

विहिरीतून वर येणारा चिखल चाळणीवरून वाहत होता, आणि त्यावर तेलाची तकतकीत साय होती. दगडाच्या ओल्या चुऱ्याला वास येत होता. माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. विहीर खाली जायची थांबवून त्याच थराची चाचणी घेतली होती, आणि तेल आपल्या पायाने वर आलं होतं. भामट्यातून.

घुम्याने तिला आपल्या पत्र्याच्या केबिनमध्ये नेलं, दार लावलं, खुर्ची दिली.

"घुमट खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला.

ती दिलेल्या खुर्चीतून उठून उभी राहिली.

"मला हा वरचाच थर हवा होता. दोनदा मांडला, दोनदा हसून उडवला त्यांनी. या भागात चुनखडी वांझ, असं आमच्याकडे फार पूर्वी एका हुशार माणसाने ठरवून ठेवलंय. म्हणून खालचा घुमट दाखवला. त्याच्याकडे जाताना यातून जावंच लागणार होतं. अडचण परीक्षकाची होती. कोणीही बरा परीक्षक म्हणाला असता, घुमट खोटा आहे, विहीर रद्द करा. मला असा परीक्षक हवा होता ज्याला घुमट खोटा आहे हे कळेल आणि तरी तो सांगणार नाही." त्याने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. "एका परिषदेत तुम्हाला पाहिलं आणि तुमचं नाव मीच सुचवलं. चेहरा तुमचा अगदी वडिलांवर गेलाय."

इतकी वर्षं जपून आणलेला दगड तिने नेमका मारला होता, आणि त्याने तो झेलून आपल्या घराच्या पायात बसवला होता.

"तुम्ही त्यांचं आयुष्य नासवलंत," ती म्हणाली.

"त्यांनी घरी काय सांगितलंय ते मला माहीत नाही. त्या जुन्या विहिरीत, याच थरात, चिखलावर अशीच साय आली होती. थोडी, पण आली होती. मी त्यांना विचारलं, थांबून चाचणी घेऊ या का? सगळ्या कामगारांसमोर ते हसले. म्हणाले, दगड पिळून तेल काढणार का? जा खाली. त्यांना तळ गाठायची घाई होती. तिथे घुमट नाही हे सिद्ध झालं की मी मूर्ख ठरणार होतो." त्याने गोळा केलेला चुरा टेबलाच्या कडेला सारला. "मी त्यांचं ऐकलं. वरचा थर सिमेंट करून बंद केला. खाली गेलो. मूर्ख ठरलो. मग चौकशीत त्यांचं नाव घेतलं. का नाही घ्यायचं?"

"खोटं बोलताय तुम्ही."

"मग त्यांना विचारा." तो उठला. "आणि अभिनंदन. पेपरात तुमचंही नाव येईल. आक्षेप न घेणाऱ्या परीक्षक म्हणून."

ती घरी आली तेव्हा बाबा नकाशापुढे उभे होते, धुतलेला शर्ट घालून. तिचा चेहरा त्यांनी आपल्याला हवा तसा वाचला.

"कोरडी ना?" त्यांनी पेन्सिल उचलली. "इतक्या लवकर? वरच अडकला का?"

वाटेत तिने त्यांना विचारायचे प्रश्न जुळवून ठेवले होते. एकही आठवेना. तिने त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि रिकामं वर्तुळ आतून काळं करायला घेतलं. भरलेलं वर्तुळ म्हणजे तेल लागलेली विहीर. बाबांना ते सांगावं लागलं नाही. ते पाहत राहिले. त्यांचा श्वास तिला मानेजवळ ऐकू येत होता.

"कुठल्या थरात?" त्यांनी विचारलं.

"भामट्यात."

बाबा मागे सरकले, खुर्चीचा दांडा चाचपडला आणि बसले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ती जुन्या विहिरीची गोष्ट काढणार होती, चिखलाबद्दल, सायीबद्दल विचारणार होती. तेवढ्यात तेच बोलले, अगदी हळू.

"मी हसलो होतो, हेही सांगितलं का त्याने?"

ती वर्तुळ काळं करत राहिली. पेन्सिलचं टोक मोडलं तरी तिचा हात थांबला नाही.